सहा रुपयांचं भाडं : शेठ वालचंद हिराचंद

आपल्या होस्टेलमध्ये 'वालचंद' हे नाव रोज कुणी ना कुणी घेतंच. ऑप्शन फॉर्म भरताना कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या बहुतेक पोरांनी वरच्या चार-पाच ओळींत सांगलीचं वालचंद टाकलेलं असतं. कुणाचा नंबर लागतो, कुणाचा दोन मार्कांनी हुकतो, आणि हुकलेल्यांची गाडी भाऊसिंगजी रोडनं सरळ कसबा बावड्याला येऊन थांबते. मी त्या हुकलेल्यांपैकीच एक. पहिली दोन वर्षं माझ्या लेखी वालचंद म्हणजे एक कॉलेज आणि एक कट-ऑफ, एवढंच होतं. या नावाचा हाडामांसाचा एक माणूस होऊन गेला, हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी औद्योगिक व्यवस्थापनाच्या पेपरला किंमत ठरवण्याचं प्रकरण आलं. नवीन माल बाजारात आणताना भाव काय ठेवायचा, प्रतिस्पर्ध्यानं भाव पाडला तर काय करायचं, वगैरे. पुस्तकात सगळी उदाहरणं अमेरिकेतली. साबण, टूथपेस्ट, कोला. त्याच सुमारास लायब्ररीत वालचंद हिराचंद यांच्याबद्दल वाचायला मिळालं आणि कळलं की हे सगळं प्रकरण आपल्याच मुलखातल्या एका माणसानं अंगावर घेतलं होतं, तेही साबण-टूथपेस्टवर नाही, तर बोटींवर. म्हणून हा लेख.

सोलापूरचा मुलगा

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजरातेतलं, दिगंबर जैन. पिढीजात धंदा सावकारी आणि कापसाचा. वडील हिराचंद नेमचंद सोलापुरातले नावाजलेले व्यापारी. वालचंद तान्हे असतानाच आई गेली. शाळा सोलापुरात झाली, पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज झालं, पण पदवी काही पुरी झाली नाही. घरच्या पेढीवर बसावं लागलं.

पेढीवर त्यांचा जीव रमला नाही. व्याज मोजत बसण्यापेक्षा काहीतरी उभं करावं, असा त्यांचा पिंड. लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाचे रेल्वेत कारकुनी केलेले एक गृहस्थ त्यांना भेटले. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल उभं करण्याची ताकद. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या तुकड्याचं कंत्राट घेतलं. 'फाटक-वालचंद' ही जोडी तिथून सुरू झाली. पुढे रेल्वेची, लष्कराची, पुलांची, इमारतींची कामं येत गेली. १९२० च्या सुमारास त्यांचा धंदा टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत मिसळला आणि भोर घाटातल्या रेल्वे बोगद्यांसारखी अवघड कामं या कंपनीनं पार पाडली. आज पुणे-मुंबई गाडीनं जाताना खंडाळ्याच्या अंधारात आपण ओरडतो, त्या बोगद्यांमागे या माणसाची कंपनी आहे हे किती जणांना माहीत असतं?

इथपर्यंतचा वालचंद म्हणजे एक हुशार, यशस्वी कंत्राटदार. पण पुढे त्यांनी जे केलं ते कुठल्याही हिशेबात बसणारं नव्हतं.

लॉयल्टी

सोलापूरला समुद्र नाही. आपल्या कोल्हापूरलाही नाही. आपल्याला समुद्र बघायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठावी लागते, सोलापूरवाल्याला तर त्याहून लांब. अशा गावातल्या माणसानं १९१९ मध्ये जहाज विकत घ्यायचं ठरवलं.

जहाजाचं नाव लॉयल्टी. मूळचं ते कॅनडियन पॅसिफिक कंपनीचं 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते घेऊन लष्कराच्या इस्पितळासाठी दिलं होतं. युद्ध संपलं आणि जहाज विकायला निघालं. वालचंदांनी ही खबर मुंबईचे गिरणीमालक नरोत्तम मोरारजी यांच्या कानावर घातली. किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास हेही आले. साडेचार कोटी रुपये भांडवलाची कंपनी जाहीर झाली. शिंद्यांचं जहाज म्हणून कंपनीचं नाव ठेवलं, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली, आणि वालचंद स्वतः तिच्यावर होते. आज ५ एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन पाळतात, तो याच सफरीची आठवण म्हणून.

पण लॉयल्टीनं पैसा दिला नाही. तीस वर्षांची जुनी प्रवासी बोट, कोळसा खाणारी, मालासाठी जागा बेताची. परतीच्या वाटेवर विलायतेतून माल मिळवताना नाकी नऊ आले. शेवटी १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. म्हणजे बघा, ज्या सफरीचा आपण दिवस साजरा करतो ती धंद्याच्या भाषेत तोट्याचीच सफर होती.

वालचंद आणि नरोत्तम यांनी यातून एक गोष्ट ओळखली. मुंबई-लंडन ही मिरवायची वाट, पोटाची वाट वेगळी. पोटाची वाट म्हणजे हिंदुस्थानचा किनारा आणि ब्रह्मदेश. रंगूनचा तांदूळ मुंबईला, मद्रासला, कलकत्त्याला येत होता, कलकत्त्याचा कोळसा इकडे येत होता. माल आपला, ग्राहक आपला, फक्त मधली बोट परक्याची. म्हणून त्यांनी मालवाहू बोटी घेतल्या, 'जल'नं सुरू होणारी नावं देण्याचा प्रघात पाडला आणि किनाऱ्याच्या व्यापारात उतरले.

समोर कोण होतं

समोर होती ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, म्हणजे बी.आय. शंभराहून जास्त बोटी. १९१४ पासून ती पी अँड ओ या बलाढ्य कंपनीशी जोडलेली. दोन्हींच्या डोक्यावर एकच माणूस, लॉर्ड इंचकेप. सरकारी टपाल त्यांच्याकडे, लष्कराची ने-आण त्यांच्याकडे, बंदरांत वजन त्यांचं.

बी.आय.च्या हातात दोन हत्यारं होती. ती समजून घ्यायला आपल्या होस्टेलचंच उदाहरण घेऊ.

समजा आपल्या कॉलेजच्या दारात एक जुनी मोठी मेस आहे. मेसवाला सांगतो, सहा महिने फक्त माझ्याकडेच जेवा, बिलातले दहा टक्के परत देईन. पण लगेच नाही, पुढचे सहा महिने जेवल्यावर. मधे एक दिवस जरी दुसरीकडे जेवलात, तर साठलेलं सगळं बुडालं. आता शेजारी एखाद्या मावशींनी नवी खानावळ काढली. त्यांची भाकरी चांगली आहे, आमटीत पाणी नाही, भावही तेवढाच. पण तुमचे सहा महिन्यांचे पैसे पहिल्या मेसमध्ये अडकलेत. तुम्ही मावशींकडे जाल का? एखादा जाईल. शंभर जण जाणार नाहीत.

जहाज कंपन्या व्यापाऱ्यांना नेमकं असंच बांधून ठेवायच्या. भाड्यातली ठरावीक टक्के रक्कम उशिरानं परत द्यायची, तीही व्यापाऱ्यानं मधल्या काळात दुसऱ्याच्या बोटीत एक पोतंही चढवलं नसेल तरच. या पद्धतीला 'डिफर्ड रिबेट' म्हणत. व्यापाऱ्याला सिंदिया आवडत नव्हती असं नाही. त्याचा पैसाच समोरच्या पेटीत कुलूपबंद होता.

दुसरं हत्यार साधं, भाव पाडायचा. नवी कंपनी मरेपर्यंत पाडायचा आणि ती मेली की पुन्हा चढवायचा. याला आधीचे दोन बळी होतेच. १८९० च्या दशकात जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीशी हातमिळवणी करून टाटा लाइन काढली, तेव्हा पी अँड ओनं भाडं टनामागे दीड रुपयापर्यंत खाली आणलं. टाटांसारख्या माणसाला ती लाइन बंद करावी लागली. १९०६ मध्ये तुतिकोरीनला चिदंबरम पिल्ले यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन काढली. तुतिकोरीन-कोलंबो मार्गावर बी.आय.नं तिकीट पाडत पाडत इतकं खाली नेलं की शेवटी फुकट प्रवास आणि वर एक छत्री देऊ केली, असं सांगतात. पिल्ले १९०८ मध्ये तुरुंगात गेले, १९११ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली.

वालचंद आणि नरोत्तम यांना हा सगळा इतिहास ठाऊक होता. तरी ते उतरले.

अठराचे सहा

आणि ठरल्याप्रमाणे घडलं. रंगून ते मुंबई तांदळाचं भाडं टनाला १८ रुपये होतं. सिंदियाच्या बोटी लागल्यावर बी.आय.नं ते ६ रुपयांवर आणलं. एक तृतीयांश!

इथे आपण इंजिनिअर म्हणून जरा थांबून विचार करू. बोटीचा खर्च कशात असतो? कोळसा, खलाशांचा पगार, विमा, बंदराचे आकार, कर्जाचं व्याज. बोट भरून गेली काय आणि अर्धी गेली काय, यातला बहुतेक खर्च तोच राहतो. म्हणून बंदरात उभं राहण्यापेक्षा कमी भाड्यातही माल घेणं परवडतं, निदान कोळसा तरी सुटतो. दोन्ही बाजू असाच विचार करतात आणि भाव घसरत राहतो. तळ असा लागतच नाही. अशा झुंजीत जिंकतो तो चांगल्या बोटीवाला किंवा चांगल्या सेवेवाला नव्हे. ज्याच्याकडे तोटा भरून काढायला दुसरी जागा आहे तो जिंकतो. बी.आय.ला रंगूनच्या तांदळात तोटा आला तर आफ्रिका होती, इराणचं आखात होतं, सरकारी टपाल होतं. सिंदियाकडे रंगूनचा तांदूळच होता.

मुंबईच्या तांदूळ व्यापाऱ्याला मात्र हा सुकाळच. स्वदेशीच्या सभेला टाळ्या वाजवायच्या आणि दुसऱ्या दिवशी माल सहा रुपयांच्या बोटीत चढवायचा, असं करणारे निघालेच असणार. त्यांना नावं ठेवायला सोपं आहे. पण आपण स्वतः ऑनलाइन पन्नास रुपये कमी दिसले की कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विसरतो, तेव्हा जरा जपून.

आता कंपनीच्या आत काय परिस्थिती झाली असेल ती बघा. साडेचार कोटींची कंपनी म्हणून लोकांनी उत्साहानं शेअर घेतले होते. युद्धानंतरची तेजी ओसरली, जगभर जहाजांचे भाव आणि भाडी कोसळली, आणि चढ्या काळात घेतलेल्या बोटी गळ्यात पडल्या. भागधारक विचारायला लागले, आमच्या पैशाचं काय?

प्रश्न दोन बाजूंनी बघता येत होता, आणि दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

एक बाजू अशी : कंपनी जिवंत राहिली तरच पुढचं सगळं. समोरचा आपल्यापेक्षा दहापट मोठा आहे. लोकांचा पैसा आपल्या अब्रूसाठी समुद्रात बुडवायचा अधिकार आपल्याला नाही. टाटा थांबले, पिल्ले संपले. समेट होत असेल तर करावा.

दुसरी बाजू अशी : समेट म्हणजे समोरच्यानं आखलेल्या रेषेत राहणं. आपण ही कंपनी काढली ती नफ्याच्या एका तुकड्यासाठी नाही, आपल्या किनाऱ्यावर आपली बोट असावी म्हणून. ती रेषा एकदा मान्य केली तर मग वेगळं राहण्याचा अर्थ काय?

वालचंदांचा जीव दुसऱ्या बाजूला होता. पण कंपनी एकट्याची नव्हती. अध्यक्ष नरोत्तम मोरारजी होते, पैसा हजारो लोकांचा होता.

१९२३ चा करार

१९२२ च्या अखेरीस लॉर्ड इंचकेप हिंदुस्थानात आले, सरकारी खर्च कपातीच्या समितीचे अध्यक्ष म्हणून. म्हणजे एका हातात सरकारची कात्री आणि दुसऱ्या हातात बी.आय. आणि पी अँड ओ. त्यांनी सिंदियाच विकत घ्यायची तयारी दाखवली. भागधारकांचे पैसे सुटले असते, संचालकांची डोकेदुखी संपली असती. सिंदियानं कंपनी विकली नाही. या मुद्द्यावर सगळे ठाम राहिले.

पण न विकणं वेगळं आणि लढत राहणं वेगळं. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाला किनाऱ्यावरच्या कंपन्यांच्या संघात, म्हणजे कॉन्फरन्समध्ये, जागा मिळाली. भाडी दोघांची एकच राहणार, भाव पाडण्याची लढाई बंद. बदल्यात सिंदियाच्या बोटींचं एकूण टनेज ७५,००० च्या वर जाता कामा नये आणि परदेशी मार्गांवर पाऊल टाकायचं नाही.

पुन्हा एकदा वाचा. जी कंपनी मुंबई-लंडन सफरीनं सुरू झाली, तिनं चार वर्षांत लंडनची वाट सोडल्याचं लिहून दिलं.

वालचंदांना हा करार मनापासून कधीच पटला नाही. त्यातली गुलामी त्यांना आयुष्यभर सलत राहिली. पण ते राजीनामा देऊन बाहेर पडले नाहीत, वर्तमानपत्रांतून सहकाऱ्यांवर चिखलफेकही केली नाही. मला त्यांच्या चरित्रातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. आपलं मत हरलं तरी माणूस त्याच टेबलावर बसून राहिला. आपल्याकडे गॅदरिंगच्या कमिटीत बॅनरच्या रंगावरून मतभेद झाला तर दुसऱ्या दिवशी निम्मी कमिटी गायब असते!

मग हा करार म्हणजे हार होती की सुटका? मी बराच विचार केला. माझं मत असं झालंय की त्या दिवशी ती हारच होती. तिची सुटका झाली ती पुढच्या दहा वर्षांत काय केलं त्यामुळे.

दहा वर्षं

भावाच्या मैदानात आपण जिंकू शकत नाही हे वालचंदांनी ओळखलं आणि मैदानच बदललं. नियम ज्या ठिकाणी ठरतात तिथे ते गेले. भारतीय व्यापारी जहाजांसाठी सरकारनं नेमलेल्या समितीनं १९२४ मध्ये शिफारस केली की किनाऱ्याचा व्यापार टप्प्याटप्प्यानं भारतीय बोटींसाठी राखून ठेवावा आणि भारतीय मुलांना जहाजावरचे अधिकारी बनवायला प्रशिक्षण नौका असावी. राखीव व्यापाराचं सरकारनं टाळलं, पण १९२७ मध्ये 'डफरिन' ही प्रशिक्षण नौका मात्र मुंबईत सुरू झाली. तोवर भारतीय मुलाला बोटीवर खलाशी होता येत होतं, अधिकारी होण्याची वाट जवळजवळ बंदच होती. १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात किनारी वाहतूक राखून ठेवण्याचं आणि डिफर्ड रिबेट बंद करण्याचं अशी विधेयकं मांडली. ती पास झाली नाहीत. पण देशभरातल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की सहा रुपयांचं भाडं स्वस्त का आहे आणि ते शेवटी कुणाला महाग पडणार आहे.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी मोटार अपघातात गेले आणि वालचंद सिंदियाचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये दहा वर्षं संपल्यावर पुन्हा वाटाघाटी, लवाद हे सगळं झालं आणि सिंदियाची मर्यादा वाढली.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी, नाहीतर हा लेख नुसती आरती होईल. सिंदिया कॉन्फरन्सच्या आत बसली होती. तीसच्या दशकात छोट्या छोट्या भारतीय जहाज कंपन्या निघाल्या आणि त्यांच्याही समोर तीच भाडेकपात आली. त्या कंपन्यांची तक्रार बी.आय.वर होती तशी सिंदियावरही होती. काल ज्यानं मार खाल्ला तो आज मारणाऱ्यांच्या बाकावर बसलाय, असं त्यांना वाटलं तर त्यात त्यांची चूक नव्हती. एकदा आत शिरलेल्याला दार उघडं ठेवणं किती अवघड असतं, हे यातून दिसतं.

१९३७ मध्ये मात्र वालचंदांनी पुन्हा जुन्या पद्धतीची झुंज घेतली. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाहतूक मोगल लाइनच्या हातात होती. ही कंपनीही ब्रिटिश गोटातली. सिंदियानं हजसाठी नवीन बोट बांधून घेतली, 'एल मदिना'. मोगल लाइननं लगेच तिकीट पाडलं, सिंदियानंही पाडलं, आणि हजचं भाडं कधी नव्हे इतकं खाली आलं. पण या वेळी सिंदिया चार वर्षांची पोर नव्हती. तोटा भरून काढायला तिच्याकडे किनाऱ्याचा व्यापार होता. १९२३ मध्ये जी ताकद फक्त समोरच्याकडे होती, ती आता थोडीफार आपल्याकडेही होती. करारानं घेतलेल्या दहा वर्षांची ही कमाई.

विमान, बोट, मोटार

वालचंदांचं पुढचं आयुष्य म्हणजे आपल्या सगळ्या ब्रँचेसची यादीच. १९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. त्यातून म्हैसूर संस्थानच्या मदतीनं डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. आजच्या एच.ए.एल.ची ती सुरुवात. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला राजेंद्र प्रसादांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. मोटारीसाठी त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. युद्धाच्या काळात सरकारनं हात आखडता घेतला, तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याला कारखाना आला.

यात साखरही होती बरं का. नाशिक जिल्ह्यातलं रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातलं वालचंदनगर ही त्यांनी माळरानावर वसवलेली गावं. वालचंदनगरला पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्रीही बनू लागली. गळीत हंगामात राजाराम कारखान्याकडून मळीचा वास होस्टेलच्या खिडक्यांतून आत येतो, तेव्हा आपण नाक मुरडतो. त्या वासामागे किती मेकॅनिकल इंजिनिअरिंग असतं, ते वालचंदनगरच्या लोकांना विचारावं.

या सगळ्या कारखान्यांत एक गोष्ट समान आहे. ग्राहक रांगेत उभा आहे म्हणून त्यांनी एकही कारखाना काढला नाही. विमानाला ग्राहक एकच, सरकार. जहाजाला ग्राहक त्यांचीच सिंदिया. मोटारीच्या बाजारात फोर्ड आणि जनरल मोटर्स बाहेरून सुटे भाग आणून जोडणी करत होतेच. आपल्या पुस्तकात लिहिलंय की आधी बाजाराचा अभ्यास करावा, मग माल काढावा. वालचंदांनी बऱ्याचदा उलटं केलं आणि त्याची किंमतही मोजली. विमान कारखाना १९४२ मध्ये युद्धाच्या धामधुमीत सरकारनं ताब्यात घेतला. विशाखापट्टणमहून 'जलउषा' ही पहिली बोट १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली, पण कारखाना चालवायचा खर्च झेपेना आणि १९५२ मध्ये तोही सरकारकडे गेला. तीन मोठ्या स्वप्नांपैकी दोन त्यांच्या हयातीतच हातातून सुटली.

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कारभार सोडला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. लॉयल्टीच्या सफरीला चौतीस वर्षं आणि तीन दिवस झाले होते. मात्र किनाऱ्याची वाहतूक भारतीय बोटींसाठी राखली गेली, ज्यासाठी त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं ते स्वातंत्र्यानंतर डोळ्यांनी बघायला मिळालं.

दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, धोंडुमामा साठे यांनी १९४७ मध्ये सांगलीला सुरू केलेल्या न्यू इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचं नाव मिळालं. तेच आपल्या ऑप्शन फॉर्मवरचं वालचंद.

शेवटी

सिंदियाच्या बोटी आता समुद्रावर दिसत नाहीत. प्रीमियरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. मग उरलं काय, असं कुणी विचारेल. एच.ए.एल. उरली, विशाखापट्टणमचा कारखाना उरला, डफरिनवर शिकून निघालेल्या अधिकाऱ्यांची परंपरा उरली. नफा ज्याच्या खात्यात जायचा त्याच्या खात्यात गेला. कौशल्य मात्र देशात राहिलं.

माझ्यासाठी आणखी एक गोष्ट उरली. आपल्या वर्गातले दोघं-तिघं पास झाल्यावर स्वतःचं काहीतरी काढायचं म्हणतात. उद्यमनगरात शेड बघून ठेवलेलेही आहेत. त्यांना कुणीतरी मोठा आडवा येणारच. तो यांच्यापेक्षा चांगला माल करेल असं नाही, तो भाव पाडेल. त्या दिवशी भागीदारांत भांडण होईल. एक म्हणेल मिटवून घेऊ, दुसरा म्हणेल मरेपर्यंत लढू. दोघंही आपापल्या परीनं बरोबर असतील. तेव्हा एवढं आठवावं की सोलापूरच्या एका माणसानं नको असलेला करार मान्य केला, कंपनी मात्र विकली नाही, टेबलही सोडलं नाही, आणि करारानं दिलेला एकेक दिवस वापरला. सहा रुपयांच्या भाड्यानं टाटा लाइनसारखी त्यांचीही कंपनी संपायची, ती संपली नाही एवढंच त्या वेळचं यश. पुढचं सगळं त्या एवढ्याशा यशावर उभं राहिलं.

आणि ज्यांचा वालचंदला नंबर हुकला त्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये. खुद्द वालचंदांचीही पदवी पुरी झाली नव्हती.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)